सामानाले संडास लागत नाही

माझ्या जावयाने पुण्यात घर घेतलं तेव्हा बिल्डरने जी किंमत सांगितली तीच त्याने दिली. एक रुपया कमी केला नाही. कमी करा असं म्हटलंसुद्धा नाही. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी यवतमाळकडच्या आर्णीत, दुकानासमोर, एका जुन्या गाडीचा प्लग काढत होतो. त्या दिवशी गिऱ्हाईक मला शंभर रुपये कमी करा म्हणालं आणि मी त्याला दुकानाबाहेर काढलं. राग कुठेतरी निघायला हवा होता.

मी जुन्या दुचाक्या घेतो आणि विकतो. सुरुवात पंक्चरच्या टपरीपासून केली. बाजाराच्या दिवशी घाटंजीला जाऊन गाड्या पाहायचो, हळूहळू घ्यायला लागलो. या धंद्यात जो पहिला भाव मान्य करतो त्याला आम्ही माणूस समजत नाही, देणगीदार समजतो. आणि असा देणगीदार माझ्याच घरात निघाला, तोही माझी पोरगी देऊन आणलेला. तीन वर्षं मी हे दुःख पोटात ठेवलं. म्हणजे पोटात ठेवलं असं मी समजत होतो. बायकोचं म्हणणं, आर्णीत असा एकही माणूस उरला नव्हता ज्याला मी ते सांगितलं नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी पोरगी जेव्हा म्हणाली, "बाबा, घराच्या मागच्या बाजूला एक खोली वाढवतोय. ठेकेदाराचं अंदाजपत्रक आलंय, जरा पाहता का?" तेव्हा मला वाटलं, देवाने मला दुसरी संधी दिली.

"कायची खोली?" मी विचारलं.

ती म्हणाली, "सामानाची."

आता इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला योग्य ठिकाणी हसता येईल. ती खोली सामानाची नव्हती. ती आमची होती. माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांचं ऑपरेशन करायचं होतं, आणि तिला ते पोरीजवळ, पुण्यात करायचं होतं. पोरीच्या घरात झोपायच्या खोल्या आणि संडास-न्हाणीघर सगळं वर. खाली फक्त हॉल, स्वयंपाकघर आणि मागे मोकळी जागा. नवे गुडघे घेऊन चौदा पायऱ्या कोण चढणार? म्हणून मागे खोली, तिला लागून संडास-बाथरूम, आणि ऑपरेशननंतर आम्ही दोघं तिथे, बायकोची चालायची सवय होईपर्यंत. हे पोरीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, बायकोला तर होतंच. बहुधा ठेकेदारालाही होतं. माहीत नव्हतं ते मलाच.

मला सांगितलं नाही याचं कारण माझा नियम. माझा बाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसे. तिला लेकरू झाल्याशिवाय तर उंबरठ्याच्या आत बसतही नसे. मी काळाप्रमाणे बदललो. मी पाणी पितो, जेवतो, पण तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी मी आर्णीच्या गाडीत असतो. जाताना सोबत तुरीची डाळ, ज्वारी, तेलाचा डबा नेतो, आणि निघताना जेवढं खाल्लं त्याहून थोडे जास्त पैसे चहाच्या डब्याखाली ठेवतो. चहा किती कप झाला हेही मी मोजतो. पोरीने एकदा ते पैसे परत पाठवले, तेव्हा मी तिच्याशी दोन महिने बोललो नाही. अशा माणसाला "जावयाच्या घरी तीन महिने राहा" कोण सांगणार?

तर अंदाजपत्रक आलं. नऊ लाख ऐंशी हजार. मी तो कागद मोबाइलवर मोठा करून माझ्या मेकॅनिकला दाखवला. हा माझ्याच वयाचा, जवळच्या तांड्यावरून येतो, आणि त्याने स्वतःचं घर स्वतःच्या हाताने बांधलंय.

"एका खोलीचे?" त्याने विचारलं.

"एका खोलीचे."

"सोन्याची वीट हाय काय?"

"पुण्याची वीट हाय."

"मंग आपण इथूनच विटा पाठवून राह्यलो असं सांगा त्याईले."

ही सूचना मी गंभीरपणे घेतली. दोन दिवस हिशेब केला. ट्रकभाडं धरलं तर वीट पुण्याच्या विटेहून महाग पडत होती. तरीही मी आणखी एक दिवस तो हिशेब वेगवेगळ्या बाजूंनी करून पाहिला, कारण तो चुकीचा असावा अशी माझी फार इच्छा होती.

मग आमच्या व्हिडिओ कॉलवर बैठका सुरू झाल्या. पुण्याहून पोरगी, जावई आणि ठेकेदार. आर्णीहून मी, शेजारी बायको. मी मोबाइल एका गाडीच्या टाकीवर टेकवून ठेवत असे. मागे मेकॅनिक आणि दोन-तीन गिऱ्हाइकं उभी असत. बाजाराच्या दिवशी पाच-सहा.

ठेकेदार चाळिशीतला, केस व्यवस्थित, आवाज मऊ. त्याचं शस्त्र एकच होतं. तो चिडत नसे.

"काका, स्क्वेअर फुटाचा भाव हाच चाललाय."

"चालू द्या. मी कुठं अडवून राह्यलो त्याले? आपल्याले तो नाही पाहिजे."

"काका, पुण्यात असं नाही होत."

"पुण्यात जे झालं ते मले माहीत हाय. तीन वर्षं झाले," मी म्हणालो आणि जावयाकडे पाहिलं. जावयाने चष्मा पुसायला घेतला.

माझी पद्धत सोपी आहे. गाडी घेताना मी भावावर बोलत नाही, दोषावर बोलतो. आरसा नाही, शंभर कमी. सीट फाटलं, दोनशे कमी. इथे गाडी अजून बनलीच नव्हती, मग दोष कुठून काढणार? म्हणून मी गरजेवर बोललो. कागदावर एकेक ओळ घेतली आणि विचारलं, याची गरज काय?

"हे दार साडेतीन फुटी काहून? हत्ती बांधता काय?"

"मोठं असलेलं बरं बाबा," पोरगी म्हणाली.

"पोतं आडवं नेलं की सव्वादोन फुटातूनही जाते. चौकट धरून सव्वादोन. लिहा."

माझ्या शेजारी बायको खोकली.

"फरशी न घसरणारी, स्पेशल. सामान घसरते काय? साधी लिहा."

बायको परत खोकली.

"अन् हे काय? संडास-बाथरूम, एक लाख पंच्याहत्तर हजार! सामानाच्या खोलीले?"

 पोरगी म्हणाली, "असावं बाबा. सोयीचं पडतं."

"कोणाच्या सोयीचं? अवं पोरी, सामानाले संडास लागत नाही!"

मागे उभी असलेली मंडळी हसली. मेकॅनिकने तर पान्हा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. एका गिऱ्हाइकाने ते वाक्य मोठ्याने परत म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते बसस्टँडपर्यंत पोचलं. मला फार बरं वाटलं. बायकोला मात्र एवढा खोकल्याचा झटका आला की ती उठून आत गेली. मी तिच्यासाठी औषधाची बाटली आणली. ती तिने आजपर्यंत उघडलेली नाही.

घरी तिने एकदा प्रयत्न केला. भाकर थापता थापता म्हणाली, "ऐका ना, राहू द्या ना तो संडास. पाव्हणे येतेत, कोणी म्हातारं माणूस आलं..."

"कोण म्हातारं येऊन राह्यलं तिथं?"

"येईन कोणी."

"मंग तो त्याचा खर्च करीन. आपण कायले कोणाच्या म्हाताऱ्याचा इचार करायचा?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भाकर उलटली. ती करपली होती. ती तिने मलाच वाढली.

चौथ्या बैठकीत मी नऊ ऐंशीचं पाच साठ केलं. ठेकेदार म्हणाला, "काका, तुम्ही पुण्यात असता तर आम्ही धंदा बंद केला असता." मला हे कौतुक वाटलं. खरं तर भाव त्याने एक रुपयाही कमी केला नव्हता. मी एकेक वस्तू काढत गेलो आणि तो तिचे पैसे वजा करत गेला. गाडी स्वस्त झाली म्हणून मी नाचत होतो आणि गाडीला चाक एकच उरलं होतं. पण हे तेव्हा कळत नव्हतं. मी तिथल्या तिथे कॉलवर सगळ्यांसमोर आकडा पक्का करून घेतला, जावयालाही हो म्हणायला लावलं, आणि मंडळींना चहा पाजला.

पोरगी गप्प बसली, कारण तिचा बेत वेगळा होता. चौकट बसवायच्या दिवशी आम्ही पुण्याला जाणार होतो. तेव्हा पुरणपोळी खाऊ घालून मला सगळं सांगायचं आणि काढलेलं परत घालायचं. बेत वाईट नव्हता. फक्त दाराच्या मापाकडे तिचं लक्ष राहिलं नाही.

चौकट बसवणं म्हणजे आमच्याकडे घराचा खरा जन्म. पाया कोणी पाहत नाही, पण चौकटीला हळद-कुंकू, आंब्याची पानं, नारळ, सगळं लागतं. मुहूर्त मी आर्णीच्या आमच्या महाराजांकडून, म्हणजे भटजींकडून, काढून नेला होता. पुण्याचा मुहूर्त महाग असणार याबद्दल मला शंका नव्हती. सकाळी आम्ही पोचलो. भिंती गुडघाभर उठल्या होत्या, आत मुरूम भरून चोपलेला. सव्वादोन फुटी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. मी ती पाहिली आणि मला अभिमान वाटला. एवढ्याशा लाकडाचे पैसे दिले आपण!

पूजा झाली. बायकोने हळदीची बोटं ओढली, जावयाने नारळ फोडला, तोही एका फटक्यात. मिस्त्रीने चौकट उभी केली, ओळंबा लावला आणि सिमेंट भरलं. मी मिस्त्रीला शंभर रुपये दिले. त्याने दोनशे मागितले, दीडशेवर मिटलं.

तेवढ्यात पोरगी घरातून एक वस्तू घेऊन आली. चार पायांची, अॅल्युमिनियमची, धरून चालायची. वॉकर.

"आई, हे बघ, शेजारच्या काकूंनी दिलंय. सवय करून पाहा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून गोड हसली. हे तिच्या भाषणाचं प्रास्ताविक होतं.

बायकोने वॉकर धरलं आणि नव्या खोलीकडे निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. चौकटीपाशी आली आणि खट्ट! वॉकर अडकलं. दोन्ही बाजूंनी लाकडाला टेकलं. तिने तिरपं केलं, एक पाय आत गेला, तीन बाहेर. तिने मागे ओढलं तर आंब्याची पानं तिच्या डोक्यावर पडली.

"आडवं ने," मी सवयीने म्हणालो.

बायको तशीच, वॉकर धरून, डोक्यावर पानं घेऊन माझ्याकडे वळली. "मले आडवं नेता काय आता? पोतं हाय काय मी?"

"तू कायले जातं तिथं? सामानाची खोली हाय ते."

"सामान मीच हाय!" ती ओरडली. "मी अन् तुम्ही! दोघंही सामान! अन् सामानाले संडास लागते, रोज लागते, अन् रात्री तीनदा लागते!"

अंगणात मिस्त्री होता, ठेकेदार होता, भिंतीपलीकडून शेजारच्या काकू डोकावत होत्या. सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

मग मला सगळं सांगण्यात आलं. पुरणपोळीशिवाय. मी चिडलो. मला फसवलं, मला विचारलं नाही, जावयाच्या घरी तीन महिने राहायला मी काय धर्मशाळेतला माणूस आहे, आमच्या बापाने लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही, असं बरंच बोललो. बोलता बोलता आवाज एवढा चढला की पलीकडच्या घराची खिडकी उघडली आणि परत बंद झाली.  बायकोने वॉकर सोडलं आणि घरात गेली.

ती वर न्हाणीघरात चालली होती. मी हॉलमधून पाहत होतो. पहिल्या पायरीवर एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. कठडा धरून थांबली. मग दुसरी पायरी. सातव्या पायरीवर ती बसली. तिने मला पाहिलं नव्हतं. साडीने तोंड पुसलं आणि उठायला कठडा दोन्ही हातांनी ओढला. मी तिच्यासोबत कितीदा या घरी आलो होतो, पण तिला जिन्यावर कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या आधी उठायची आणि मी उठेपर्यंत खाली आलेली असायची.

मी बाहेर आलो आणि ठेकेदाराला म्हटलं, "तो संडास परत घाला."

"घालू काका. पण आता तो एक्स्ट्रा आयटम झाला," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. "पाया भरलाय. आता खोदावं लागेल, पाइप फिरवावा लागेल. दोन लाख दहा."

"पंधरा दिवसांआधी एक पंच्याहत्तर होता!"

"तेव्हा तुम्ही नको म्हणालात."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझीच गाडी मला विकत होतं, आणि तीही वाढीव भावात. मी तासभर लढलो. ओरडलो, बसलो, पाणी प्यालो, परत ओरडलो. तो फक्त "काका" म्हणत राहिला. शेवटी मला चौकट दिसली.

"दार मोठं करायचं म्हणजे ही चौकट काढावी लागते ना?"

"लागेल. पण काका, पूजा झालेली चौकट... फेकणार कशी?"

"फेकून कोण राह्यलं? संडासाले दार लागते ना? चौकट त्याले लावा. तिचे पैसे कमी करा."

बायको तोपर्यंत खाली आली होती. तिने कानांवर हात ठेवले. "संडासाले? हळद-कुंकवाची चौकट? अहो, नारळ फोडला तिच्यापुढं!"

"बरोबर हाय ना मंग. तूच म्हणली, रात्री तीनदा लागते. घरात कोणत्या दाराले जास्त पुण्य लागते सांग."

पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. जावयाने पुन्हा चष्मा काढला. बायको चौकटीजवळ गेली, पदराने हळद पुसली, हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली, बहुधा माझ्याबद्दल. मग म्हणाली, "लावा." एक लाख नव्वदवर मिटलं. म्हणजे पंधरा हजार नुकसान. पण संडासाचे सगळे पैसे मी देणार, जावई नाही, हे मी तिथल्या तिथे जाहीर केलं.

"पण वॉकर अडकेल ना तिथंही," बायको म्हणाली.

"तिथं मी धरून नेईन," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी पोरगी माझ्यासमोर चहा घेऊन बसली.

"बाबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तुमचा नियम मोडायचा नाही. आईला सोडा इथे आणि तुम्ही तीन दिवस राहून जा."

"ऑपरेशनले तीन दिवस? बाप हाय मी, पाव्हणा नाही. पंधरा दिवस राहीन."

"पंधरा खूप होतात. तुम्हाला करमत नाही इथे. आठ ठीक आहेत."

"करमत नाही कोण म्हणलं? एक महिना."

"अन् दुकान?"

"मेकॅनिक हाय ना."

"तो काय विकणार? तुम्हीच म्हणता, तो पहिल्या भावाले हो म्हणते. नाही बाबा, वीस दिवस. जास्त नको."

"तू कोण मले जास्त नको म्हणणारी? संडासाचे पैसे माझे! दोन महिने!"

"बाबा, दोन महिन्यांत आईचं चालणं काय होतं? अर्धवट सोडून जाणार. त्यापेक्षा येऊच नका."

"तीन महिने!" मी चहाचा कप आपटला. "एक दिवस कमी नाही. अन् ज्वारी, तूर, तेल, सगळं आर्णीहून येईन. त्यावर बोलायचं नाही."

ती हळूच म्हणाली, "बरं." मग उठून आत गेली आणि मी तिला आईला सांगताना ऐकलं, "डॉक्टर पण तीनच म्हणाले होते."

सध्या मी त्याच खोलीत बसून हे लिहितोय. ऑपरेशनला चाळीस दिवस झाले. ठेकेदाराचं शेवटचं बिल मी जावयाला अजून देऊ दिलेलं नाही, त्यात पाच हजारांचा रंग आहे जो मला कुठेच दिसत नाही. बायको आत्ताच उठली. आम्ही संडासाच्या दारापर्यंत गेलो, मी हात पुढे केला, आणि ती म्हणाली, "सरका बाजूले." वॉकर बाहेर ठेवून, त्याच चौकटीचं लाकूड एका हाताने धरून, अंग आडवं वळवून, ती एकटी आत गेली.